भाजी कापायची मशीन अडली तर आधी काय बघायचं (नवीन कामावर आलेल्यांसाठी)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही बघा, केटररकडं, खानावळीत, मोठ्या हॉटेलात आता भाजी कापायची मशीन असतेच. कांदा, बटाटा, कोबी, गाजर, काकडी आणि उपवासाच्या दिवसात रताळ्याचे काप, सगळं तिच्यावरच. मशीन सगळे घेतात पण ती अडली तर काय करायचं हे कुणी शिकवत नाही, आणि नेमकी अडते तेव्हा तिच्यापुढं उभा असतो तो परवाच कामाला लागलेला पोरगा किंवा भाजी निवडायला येणारी एखादी मावशी. मी बरीच वर्षं ह्याच मशीन दुरुस्त करत फिरतोय, त्या माणसांसाठी हे लिहितोय. वायरिंग, मोटर बांधणं हे इलेक्ट्रिशियनचं काम, ते इथं नाही. पण दहातले सात-आठ वेळा मी जातो तेव्हा बिघाड साधा असतो, पट्टा, नट, पातं, बेअरिंग (शाफ्ट ज्यात फिरतो ती गोळ्यांची रिंग) ह्यातलाच काहीतरी, आणि तो तिथल्याच माणसाला कळला असता तर दिवस वाया गेला नसता.

आपण बोलतोय ती मशीन म्हणजे वर भाजी टाकायचा हॉपर, भाजी दाबायचा दांडा म्हणजे पुशर, आत फिरणारी गोल थाळी आणि तिच्यावर दोन किंवा तीन पाती, मागं किंवा खाली अर्धा किंवा एक एचपीची सिंगल फेज मोटर आणि मोटरवरून थाळीच्या शाफ्टला, म्हणजे थाळी ज्याच्यावर बसते त्या फिरत्या दांड्याला, जाणारा व्ही पट्टा. वेफर्सची मशीन पण साधारण अशीच. काहींना पट्टा नसतो, मोटर थेट जोडलेली असते.

सगळ्यात आधी प्लग

बटन बंद केलं म्हणजे मशीन बंद झाली असं समजू नका. प्लग सॉकेटमधनं काढा आणि तुमच्या समोर, डोळ्याला दिसेल असा ठेवा. प्लग नसेल, थेट लाईन जोडलेली असेल तर एमसीबी (बोर्डातला लाईन तोडणारा खटका) पाडा आणि तिथं पाटी लावा, "मशीन उघडी आहे, बटन दाबू नका", आणि ती मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, कारण आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही भाषांची माणसं असतात आणि बटन दाबणारा कुठली वाचतो ते सांगता येत नाही. बंद केल्यावर पण थाळी थोडा वेळ फिरत राहते, ती पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पदर, ओढणी, उपरणं खोचून घ्या, बांगड्या-कडं-अंगठी काढून ठेवा. पात्याला हात लावायचा असेल तर कट न होणारे हातमोजे घाला, ते नसतील तर जाड गोणपाटाचा तुकडा तरी मध्ये धरा. पण हे मोजे फक्त मशीन बंद असताना, चालू मशीनजवळ मोजा घालून गेलात तर तो अडकून हातच आत ओढला जातो.

आता हाताने फिरवून बघा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हीच कुणी करत नाही. प्लग काढलेला आहे हे परत एकदा बघून मागचं कव्हर खोला आणि मोठी पुली, म्हणजे पट्टा ज्याच्यावर चालतो ते चाक, हाताने फिरवा. पुलीला धरून फिरवा, पट्ट्याला धरून नको, पट्टा आणि पुलीच्या मध्ये बोट सापडलं तर नखासकट जातं. पट्टा नसलेली मशीन असेल तर थाळीच्या मधल्या नटाला पाना लावून, ज्या बाजूला नट आवळला जातो त्याच बाजूला हळू फिरवा.

हलकी, एकसारखी फिरली तर यांत्रिक बिघाड बहुतेक नाही, लाईन, कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा डबा), स्विच असलं काहीतरी असणार. फिरलीच नाही तर कुठंतरी अडकलंय. फिरते पण एका ठराविक जागी घट्ट होते, तर थाळी किंवा शाफ्ट वाकलाय, नाहीतर त्या जागी थाळी कव्हरला घासतेय. फिरताना हाताला बारीक खडे लागल्यासारखं वाटलं तर बेअरिंग गेलंय. एवढं एका मिनिटात कळतं.

तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू झाली की मला सगळ्यात जास्त फोन येतात. असाच एकदा खानापूरकडच्या एका मंगल कार्यालयातनं पहाटे फोन आला, "दादा, मशीन नुसतीच गुंऽऽ करूलालीया, फिरंना झालीया." मी म्हटलं बटन बंद करा आणि हात लावू नका, मी येतोय. पोचलो तर जळक्या वार्निशचा वास दारापर्यंत येत होता. मी येईपर्यंत तिथल्या पोरानं दर दोन मिनिटानं बटन दाबून बघितलं होतं, त्याचा दोष नाही, समोर कांद्याची पोती, आचारी ओरडतोय, त्याला वाटलं एखाद्या वेळी फिरेल. थाळी काढली. तिच्या खाली, शाफ्टच्या गळ्याशी, कांद्याच्या पोत्याची सुतळी गुंडाळलेली होती, वीतभर पण नसेल, पण ओली होऊन, पीळ बसून इतकी घट्ट झालेली की चिमट्यानं निघेना, ब्लेडनं एकेक धागा कापून काढावी लागली. सुतळी निघाल्यावर थाळी एका बोटानं फिरली. पण मोटर जळलेली. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, परत बांधायला दिलं, त्या दिवशी सगळा कांदा हाताने चिरला, बायकांच्या बोटांना फोड आले.

म्हणून गुंऽऽ आवाज आला की लगेच बंद. मोटर फिरत नसताना लाईन चालू राहिली की ती चालू होतानाचा करंट ओढत राहते, तो नेहमीच्या चार-सहा पट असतो, आणि पंख्याची हवा पण नसते कारण पंखा त्याच शाफ्टवर आहे. तापायला वेळ लागत नाही. आणि पोतं उसवताना सुतळी, प्लास्टिक जाळीचे तुकडे, कोबीला बांधलेलं रबर हे सगळं हॉपरमध्ये जाणार नाही एवढं बघायचं, भाजी पोत्यातनं थेट मशीनमध्ये ओतायची नाही, आधी टोपात.

बटन दाबल्यावर काहीच होत नाही

इथं लोक उगाच घाबरतात. झाकण नीट बसलंय का बघा, बऱ्याच मशीनला झाकणाखाली सेफ्टी स्विच असतो, झाकण एका बाजूनं जरी उचललेलं असलं, खाली कांद्याची साल अडकली असली तरी मशीन चालू होत नाही. लाल मोठं बटन दाबलेलं असेल तर ते बाणाच्या दिशेनं फिरवून सोडवा. लाईट जाऊन आली असेल तर हिरवं बटन परत दाबावं लागतं. ओव्हरलोड (मोटरवर जास्त भार आला की लाईन तोडणारा स्विच) पडला असेल तर मोटर गार होऊ दे, पंधरा-वीस मिनिटं, मग रिसेट दाबा, आणि तो का पडला ते शोधा, परत-परत रिसेट दाबणं म्हणजे सुतळीचीच गोष्ट परत. एक गोष्ट कळकळीनं सांगतो, सेफ्टी स्विचला टेप लावून किंवा वायर जोडून मशीन चालवू नका. मी हे केलेल्या मशीन बघितल्यात आणि त्या मशीनवर काम केलेल्या माणसाचा हात पण बघितलाय.

गुंऽऽ करते पण हाताने हलकी फिरते

मग व्होल्टेज आणि कपॅसिटर. पेंडॉलात मशीन लावताना शंभर फूट बारीक एक्स्टेन्शन ओढतात, त्याच वायरवर मिक्सर, त्याच्यावरच हॅलोजन, मग 230 च्या जागी मशीनपर्यंत 190 पोचतं आणि मोटर उचलत नाही. एक एचपीला निदान 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, वेगळ्या पॉईंटवरनं, आणि अर्थिंगसकट. ओल्या फरशीवर उभं राहून काम असतं, अर्थिंग नसेल तर मशीन लावूच नका. व्होल्टेज बरोबर असेल तर कपॅसिटर, तो वर फुगलेला दिसला तर गेलाच समजा. पण त्याच्या टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावर सुद्धा त्याच्यात करंट साठलेला असतो, तो इलेक्ट्रिशियनलाच बदलू द्या. काहीजण चालू बटनावर पट्ट्याला हाताने हिसका देऊन मशीन चालू करतात, ते कुणी करत असेल तर थांबवा.

मोटर फिरते पण थाळी मंद होते किंवा थांबते

रिकामी छान चालते आणि भाजी टाकली, दाबली की बसते, चालू करताना चीं करून ओरडते, रबर जळल्याचा वास येतो, हा पट्टा. पट्ट्याला तेल किंवा पाणी लागलंय का बघा, बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्यात का, भेगा पडल्यात का, आतले दोरे दिसतात का. व्ही पट्टा पुलीच्या खाचेच्या दोन बाजूंना चिकटून ओढतो, तळाला तो टेकताच कामा नये. खाचेचा तळ घासून चमकत असेल तर पट्टा झिजलाय किंवा पुलीची खाच झिजून रुंद झालीय, अशा पुलीवर नवीन पट्टा पण महिन्यात जातो. पुली बेळगावच्या उद्यमबाग कारखाने भागात लेथवाल्याकडं दाखवा, खाच परत काढून मिळते नाहीतर नवीन करून मिळते.

ताण किती ठेवायचा ह्यावर सगळे सांगतात अंगठ्यानं दाबून अर्धा इंच. ते मोठ्या मशीनला ठीक, भाजीच्या मशीनला नाही. हिशोब असा की दोन पुलींच्या मध्ये पट्ट्याचा जो मोकळा भाग आहे त्याच्या दर इंचाला एक चौसष्टांश इंच दाबला जावा. आपल्या मशीनमध्ये मोकळा भाग फार तर एक फूट, म्हणजे मधोमध बेताच्या जोरानं दाबल्यावर साधारण 5 एमएम. अर्धा इंच दाबला जात असेल तर तो सैलच आहे. फार ताणला तर दुसरा त्रास, मोटरचं पुढचं बेअरिंग खाऊन टाकतो. ताणायला मोटरचे चार बोल्ट ढिले करा, मोटर खाचेत सरकवा, आवळा. पट्टा काढताना-घालताना स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, दोरे तुटतात, मोटरच सरकवून सैल करून घ्या. मग दोन्ही पुलींच्या तोंडावरनं एक सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा लावून बघा, चार ठिकाणी टेकला पाहिजे, दोन्ही पुली एका रेषेत नसतील तर पट्टा एका बाजूनं झिजतो. नवीन पट्टा पहिल्या दिवसात थोडा वाढतो, दुसऱ्या दिवशी परत ताण बघा.

दुकानात जाताना जुना पट्टा घेऊन जा. त्याच्यावर ए-38, ए-42 असं काहीतरी छापलेलं असतं, ए म्हणजे 13 एमएम रुंदीचा आणि आकडा म्हणजे आतली लांबी साधारण इंचात. पट्ट्यावर राळेची पूड टाकायची जी सवय आहे ती सोडा, एक दिवस चालतो, मग अजून लवकर जातो, आणि ती पूड भाजीजवळ नकोच.

पट्टा ठीक आहे, पुली फिरते आणि थाळी फिरत नाही, तर शाफ्टवरची चावी (पुली आणि शाफ्टच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) घासलीय किंवा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) ढिला झालाय. पुलीवर आणि शाफ्टवर मिळून एक सरळ खडूची रेघ मारा, प्लग काढलेलाच ठेवून थाळी घट्ट धरा आणि पुली हाताने हलवा, रेघ तुटली की कळलं.

आवाज ओळखायला शिका

चीं म्हणजे पट्टा, ते वर आलंय. घर्रर, जात्यासारखा, आणि मशीन तापल्यावर वाढत जाणारा, हे बेअरिंग. टक-टक-टक, ठरलेल्या तालात, थाळीचा वेग वाढला की वाढणारा, हा सगळ्यात वाईट, म्हणजे पात्याचा बोल्ट ढिला होऊन पातं कव्हरला लागतंय किंवा थाळीचा मधला नट सुटलाय. टक-टक ऐकलं की त्याच क्षणाला बंद, एवढा एक घाणा होऊ दे असं म्हणायचं नाही. थाळी काढून पात्याची धार प्रकाशात धरून बघा. कुठं कणभर जरी तुटलेलं दिसलं तर त्या घाण्याची सगळी भाजी फेकून द्या. पंचवीस किलो असो नाहीतर पन्नास. तो तुकडा कुणाच्यातरी ताटात गेलेला असू शकतो, ह्यात हिशोब करायचा नसतो.

बेअरिंगचा नंबर बेअरिंगवरच असतो. 6204 असेल तर आतलं भोक 20, बाहेरचा व्यास 47, जाडी 14 एमएम, 6203 असेल तर 17, 40 आणि 12. पण नंबरापुढची अक्षरं पण बघा. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, 2आरएस म्हणजे रबरी सील. भाजीचा रस आणि धुण्याचं पाणी जिथं आहे तिथं 2आरएसच घ्या. मला एकदा एका दुकानदारानं "सगळं सारखंच असतंय" म्हणून झेडझेड दिलं, ते पावसाळा पण टिकलं नाही, आतनं लाल गंज निघाला. बसवताना शाफ्टवर ठोकायचं असेल तर आतल्या रिंगेवर बसेल असा पाईपचा तुकडा घेऊन ठोका, बाहेरच्या रिंगेवर हातोडा मारला की गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासनं आवाज करतं.

काप नीट येत नाहीत

बटाट्याचा काप एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येत असेल तर आधी हॉपर बघा. दोनच बटाटे टाकून दाबले तर ते कलंडतात, हॉपर भरून, पुशर सरळ आणि एकसारखा दाबायला पाहिजे. त्यानं सुधारलं नाही तर पातं एका बोल्टला वर आणि एकाला खाली बसलंय. पात्याखाली साल किंवा वाळलेला चीक साठतो, रताळ्याचा आणि कच्च्या केळ्याचा तर डिंकासारखा बसतो, तो कोमट पाण्यानं आणि प्लास्टिकच्या ब्रशनं काढून मग पातं बसवा. एक काप जाड, पुढचा पातळ, परत जाड असं आलं तर दोन पाती दोन उंचीवर आहेत.

पातं बोथट झालंय हे ओळखायची माझी खूण डोळ्यातलं पाणी आहे. धार चांगली असली की कांदा कापला जातो, बोथट असली की चिरडला जातो, आणि चिरडला की झोंबणारा रस जास्त सुटतो. मशीनजवळ उभ्या माणसाचे डोळे नेहमीपेक्षा जास्त चुरचुरायला लागले, खालच्या टोपात कांद्याला पाणी सुटलेलं दिसलं, की पाती काढा.

धार लावताना पात्याची उतरती बाजू तेवढी तेलाच्या दगडावर, मुळात जो कोन आहे त्याच कोनात घासायची. सपाट बाजू फक्त एकदा-दोनदा दगडावर सपाट ठेवून फिरवायची, वळलेली कड काढण्यापुरती. बेंच ग्राइंडरवर धरू नका, पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग त्याला धार राहत नाही. तीनही पाती एकदमच लावा, एकदमच बदला, एक नवीन आणि दोन जुनी अशी ठेवली तर वजन कमी-जास्त होऊन थाळी थरथरते आणि ती थरथर बेअरिंगला जाते.

आणि धार टिकवायची असेल तर माती. शेतातनं बटाटा येतो तो माती घेऊनच येतो, रताळ्याच्या खोबणीत तर बारीक खडे असतात. धुऊन, सोलून, परत एक पाणी, मग मशीन. कोबीचे चार भाग करून देठ काढूनच टाका, त्या देठानं पाती वाकतात.

तीन फेजची मशीन असेल आणि जागा बदलल्यावर अचानक भाजीचा लगदा यायला लागला, तर थाळी उलटी फिरतेय. कव्हरवरच्या बाणाशी ताडून बघा. इलेक्ट्रिशियननं तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदलल्या की झालं. उलटी चालवत राहू नका, मधला नट सुटून येतो.

खालनं तपकिरी पाणी गळतंय

ऑईल सील, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारी रबरी कडी, गेलं. स्वस्त असतं पण दुर्लक्ष केलं तर रस बेअरिंगमध्ये आणि तिथनं मोटरमध्ये. नवीन बसवताना सीलची ओठ आणि स्प्रिंग असलेली बाजू ज्या बाजूचं पाणी अडवायचं त्या बाजूला, म्हणजे थाळीकडं. उलटं बसलेलं मी कितीतरी वेळा काढलंय. आणि धुताना मशीनवर पाईप मारू नका. थाळी, हॉपर, पुशर काढून वेगळे धुवा, अंग ओल्या फडक्यानं पुसा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा अशी असते, खानापूर भागात तर कपडे पण वाळत नाहीत, तेव्हा धुतल्यावर शाफ्टचा गळा आणि पुशरचा दांडा कोरडा पुसून फूड ग्रेड व्हाईट ऑईलचे (खाण्याच्या मशीनला चालणारं तेल) दोन थेंब. स्वयंपाकाचं तेल लावू नका, शेंगतेल, सूर्यफूल कुठलंही, काही दिवसात ते चिकट होऊन दांडा जाम होतो.

परत जोडल्यावर

आत पाना, चिंधी, वॉशर काही राहिलंय का बघा. हाताने दहा फेऱ्या फिरवा. झाकणं लावा, पाटी काढा, प्लग लावा, बाजूला उभं राहून रिकामी दोन मिनिटं चालवा. मग परत प्लग काढून बेअरिंगच्या जागेवर हाताचा मागचा भाग टेकवा, कोमट चालेल, हात ठेववत नाही इतकं गरम नको. सगळे नट एकदा परत आवळा. मग पाच किलो बटाटा, त्याचे काप ताटात पसरून जाडी बघा, आणि मगच कांद्याचं पोतं उसवा. पट्ट्याचा नंबर, बेअरिंगचा नंबर आणि आजची तारीख मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा, पुढच्या वेळी रात्री अकराला लाईट गेलेल्या कार्यालयात मोबाईलच्या उजेडात कुणीतरी तो नंबर शोधत असणार आहे.